दादाच्या वजनाची मी

सतराव्या वर्षी माझं वजन एकशे बेचाळीस पौंड होतं आणि ते आमच्या अख्ख्या खोपट वस्तीला ठाऊक होतं. मुलीचं वय लपवायची रीत आहे. वजन कुणी विचारतच नाही, म्हणून ते लपवावंही लागत नाही. आमच्याकडे मात्र दारात आलेल्या लॉरीवाल्यालाही ते सांगितलं जायचं, आणि सांगणारे माझे वडील असायचे, तेही कौतुकाने. "माझी शालू म्हणजे पक्कं माप," आप्पा म्हणायचे. माझा मोठा भाऊ मधू, आमचा दादा, बरोबर तेवढ्याच वजनाचा होता. त्याची मोटरसायकल त्याच्या अंगाला बसवायची होती आणि तो तर आठवडाभर मोहन्याच्या कारखान्यात. शहाडला दोन सोबत्यांबरोबर खोली घेऊन राहायचा, रविवारी तेवढा घरी यायचा. त्याच्या वजनाचं दुसरं माणूस सहा दिवस घरात रिकामं होतं. रिकामं म्हणजे भांडी, धुणं, दळण आणि सुकट निवडणं सोडून रिकामं.

आप्पांचा धंदा पाट्यांचा. लॉरीच्या खाली चाकांवर लोखंडी पट्ट्यांची जी बाकदार चळत असते तिला पाटे म्हणतात. सगळा भार तीच झेलते. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात भाता, ऐरण आणि जुन्या तेलाचं पिंप. पट्टी लाल करायची, ठोकून तिला बाक द्यायचा आणि पिंपात बुडवायची, की चर्र आवाज होऊन काळा धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात. आई खिडकीला ओलं फडकं लावायची तरी भाताला त्याचा वास लागायचाच. घणाचा ठोका बदलला की आई न बघता सांगायची, "पट्टी बिघडली ह्यांची. चहात साखर जास्त घाल आज." आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. घरात कुळथाचं पिठलं, सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, सणाला घावन आणि नारळाचा रस. मला भूक लागायची आणि मी खायची, यापलीकडे त्यात काही गूढ नव्हतं. माझी नात हल्ली जिममध्ये जाते, भाकरी नको म्हणते आणि वजनकाट्यावर उभी राहून फोटो काढते. तिला मी काही बोलत नाही. बोलले असते तर हे सगळंच सांगावं लागलं असतं.

आम्हा भावंडांचं वजन सारखं आहे हा शोध लाकडाच्या वखारीत लागला. वखारीत जळण मोजायचा भलाथोरला काटा होता, आढ्याला टांगलेला, दोन्हीकडे फळ्यांची पारडी. आप्पा जळण घ्यायला गेले तेव्हा आम्ही दोघं बरोबर होतो. दादाला मस्ती. तो एका पारड्यात जाऊन बसला आणि मला दुसऱ्यात ओढून बसवलं. काटा जरासा डुलला आणि सरळ रेषेत थांबला. हमालांनी टाळ्या पिटल्या. दादा ओरडला, "अरे बापरे! ही तर माझ्याएवढं पोतं निघाली!" त्या दिवसापासून मी त्याचं पोतं झाले. घरात, दारात, गल्लीत, सगळीकडे. मी खाली उतरले तेव्हा माझे कान तापले होते आणि मला तिथल्या लाकडांत शिरून बसावंसं वाटत होतं. आप्पा मात्र हसले नव्हते. ते त्या थांबलेल्या काट्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते.

मोटरसायकल लढाईच्या वेळची, इंग्लिश. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतून जे लोखंड बाहेर पडलं त्यातून आप्पांनी ती उचलली होती, दोन गाड्यांची मिळून एक केली होती. दादा तिच्यावर ट्रायल करायचा. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलंय. वेगाला तिथे कुणी विचारत नाही. डोंगरातला सुका ओढा, धोंडे, घसरडी चढण, यांतून गाडी न थांबवता आणि पाय न टेकता हळूहळू काढायची. पाय टेकला की गुण गेले. माणूस बसत नाही, पायांच्या दांड्यांवर उभा राहतो आणि अंगाने गाडी तोलतो. दादा त्यात खरोखर चांगला होता. त्याचा मला राग आहे म्हणून त्याचं कसब मी नाकारणार नाही. धोंड्यावर गाडी चढताना त्याचं सगळं अंग शांत व्हायचं, एरवी तोंड चालायचं तेही बंद.

अशी गाडी माणसाच्या वजनाला शिवून घ्यावी लागते, असं आप्पांचं म्हणणं. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन नळ्या असतात, आत लांब स्प्रिंग आणि तेल. उभ्या माणसाच्या भाराने नळी तीन बोटं खाली गेली पाहिजे. कमी गेली तर चाक धोंड्यावरून उडतं, जास्त गेली तर खड्ड्यात तळाला आपटतं आणि वर यायचं विसरतं. बोटं अर्थात आप्पांची. ते चकचकीत नळीला माझ्या शिवणाचा लाल दोरा एक वेढा देऊन बांधायचे, गाडी दोन्ही बाजूंनी दोरखंडाने शेडच्या वाशांना ताणून उभी करायचे आणि म्हणायचे, "चढ गं शालू." मी पदर खोचून चढायची, दांड्यांवर उभी राहायची, सांगतील तसं दोनदा हलायची, उतरायची. दोरा वर सरकलेला असायचा. आप्पा गुडघे टेकून त्याखाली बोटं लावायचे. कमी-जास्त वाटलं तर नळीचं बूच खोलून स्प्रिंगच्या डोक्यावर वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालायचे किंवा काढायचे, तेल दाट-पातळ करायचे. पुन्हा "चढ गं शालू." बाहेर लॉरीवाले बिड्या ओढत थांबलेले असत. आप्पांनी त्यांच्या बाजूला गोणपाट बांधलं होतं, पण ते खालून वीतभर आखूड होतं. गाडी कण्हली की पलीकडून कुणीतरी म्हणायचा, "उस्ताद, पाटे आणू का?" आप्पांना ते ऐकूच जायचं नाही. गुडघ्यांवर बसून, डोकं तिरकं करून ते माझ्या वजनाकडे जितक्या आदराने बघायचे तितक्या आदराने त्या घरात माझ्याकडे कुणी बघत नसे.

त्या वर्षी पावसाळाभर गाडी खोलून ठेवलेली होती. आप्पांनी पुढच्या स्प्रिंगा नव्याने वळल्या होत्या आणि दिवाळी झाल्यावर येऊरच्या डोंगरात मोटर क्लबाची मोठी ट्रायल होती. दक्षिणेकडे मोटरसायकलचा नवा कारखाना निघाला होता, तिथला साहेब बघायला येणार होता. गाड्या चालवून पारखणारी माणसं त्याला हवी होती. दादाला त्या नोकरीचं वेड लागलं होतं. कारखान्यातल्या पाळ्यांना तो कंटाळला होता. शहाडच्या खोलीत त्याने पत्र्याच्या पेटीला दक्षिणेतल्या गावाच्या नावाची चिठ्ठीसुद्धा डकवून ठेवली होती, आधीच. घरात दुसरा विषय नव्हता.

नव्हता कसा, होता. माझं लग्न. आईच्या पदराला निखारा बांधल्यासारखी मी तिला वाटायची. आप्पांना मी एकशे बेचाळीस पौंड हवी होते. आईला मी शंभराच्या आसपास हवी होते. "शालूला नीट खाऊ घाल, ट्रायल होईपर्यंत वजन हलता कामा नये," असं आप्पा जेवताना बजावायचे आणि आई "बरं" म्हणायची. आमच्याकडे पुरुष आधी जेवायचे. बायका मागाहून, चुलीपाशी. मागाहून काय जेवतात, किती जेवतात, हे बघायला कुणी पुरुष कधी आत डोकावला नाही. आषाढ लागला आणि आईने माझा भात बंद केला. सकाळी ताक, दुपारी अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी, संध्याकाळी नुसती पेज. मी भांड्यातलं खरवडायला गेले की ती उलथन्याने बोटांवर मारायची. "खा, खा. गिळ आणखी. म्हणजे तुला उचलायला नवऱ्याने हमाल आणायला हवेत." आणि वर दम, "ह्यांना बोललीस तर बघ. ह्यांना गाडी मोठी, पोर नाही." श्रावण, भाद्रपद, आश्विन. मला जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. भुकेने झोप मोडायची आणि मी पाण्याच्या घड्याशी जाऊन दोन तांबे पाणी प्यायची. साडी सैल झाली तेव्हा आईने मला आत दोन जाड परकर नेसवले, म्हणजे बाहेरून फरक दिसू नये. आप्पांची नजर पट्टीच्या बाकावर, ती माझ्या गालांवर कशाला जाते!

आपण बारीक होतोय याचा मला आनंदच होत होता, हे लिहायला हवं. दिवाळीनंतरच्या रविवारी डोंबिवलीचं स्थळ यायचं होतं. मुलगा कचेरीत कारकून, काळासावळा, चष्मा. तो आईबरोबर आला. मी पोहे घेऊन गेले. त्याने मला विचारलं, "वाचायला आवडतं का?" मी म्हटलं, आवडतं. तो म्हणाला, "आमच्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत, धूळ खात पडलीत." आणि हसला. एवढंच. पण माझ्याशी कुणी परक्या पुरुषाने असं सरळ बोलायची ती पहिलीच वेळ. मला तो आवडला. लगेच, तिथल्या तिथे, पोह्यांची बशी हातात असतानाच आवडला. त्या घरातली धूळ मी मनात पुसायलाही लागले.

दादा समोर खुर्चीवर पाय हलवत बसला होता. बाईंनी सहज विचारलं, "घरकामाची सवय आहे ना मुलीला?" आई उत्तर देणार तेवढ्यात दादा म्हणाला, "घरकामाचं काय घेऊन बसलात मावशी! आमची शालू मोटरसायकलचं काम करते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या गाडीवर हिला उभी करतात. ही चढली की गाडी बरोब्बर तीन बोटं खाली बसते. वखारीत तोललंय आम्ही हिला, खोटं नाही. माझ्याएवढंच भरतं पोतं!"

आणि तो हसला. त्याला दुष्टावा करायचा होता असं नाही. त्याला हशा हवा होता, आणि तो त्याला मिळाला. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं बाई, गाडीवर उभी करतात? एवढ्या पुरुषांत?" चष्मेवाला हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, जसा माणूस घेतलेली वस्तू परत ठेवण्याआधी बघतो तसा. मग तो बशीतले पोहे चमच्याने एका बाजूला करत बसला. आप्पा तर खूश होऊन म्हणाले, "पक्कं माप आहे पोर!" गुरुवारी पोस्टकार्ड आलं. योग नाही. मध्यस्थाने येऊन आईला जास्तीचं सांगितलं, ते तिने मला जेवायच्या वेळी सांगितलं, पेज वाढता वाढता. "सून आणायची की लॉरी, असं विचारत होती म्हणे ती बया." आईने हे मला का सांगावं? तिलाही कुणावर तरी ओतायचं होतं. मी पेज प्यायले आणि ताट घासून ठेवलं.

शनिवारी दुपारी आप्पांनी गाडी उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल. दादाची रात्रपाळी होती, तो तिथूनच थेट येऊरला यायचा होता. नळ्या नव्या स्प्रिंगा घालून बंद झाल्या होत्या. "चढ गं शालू." मी चढले, दोनदा हलले, उतरले. आप्पांनी दोऱ्याखाली बोटं लावली. पुन्हा लावली.

"अडीच?" ते म्हणाले. "परत चढ."

परत अडीच. आप्पा मांडी घालून खालीच बसले. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि मान वर करून मला विचारलं, "शालू, वजन कमी झालंय का गं तुझं?"

आई शेडच्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मला ठाऊक होतं माझं वजन किती उतरलंय. दोन दिवसांपूर्वीच मी वाण्याकडच्या काट्यावर उभी राहिले होते, एकशे बावीस. आणि मला हेही ठाऊक होतं की मी आता काय म्हटलं की काय होईल. दोन वर्षं त्या गाडीवर चढत-उतरत होते मी. स्प्रिंग, वायसर, तेल, सगळं मला कळत होतं. माझ्यावर तीन बोटं बसवलेली गाडी दादाखाली तळाला जाऊन आपटणार होती.

"नाही," मी म्हटलं. "आहे तेवढंच आहे."

आईचा हात पुन्हा चालू झाला. सुपातले खडे ती एकेक करून अंगणात फेकत राहिली.

"मग माझी स्प्रिंगच कडक झाली," आप्पा म्हणाले. त्यांनी बुचं खोलली, दोन्हीकडचे दोन-दोन वायसर काढले, तेल ओतून काढलं आणि माझ्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मागून घेऊन ते पातळ तेल मिसळून परत भरलं. मी चढले. तीन बोटं, तंतोतंत. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, हाताचं तेल पोलक्याला लागलं.

मी त्याला पाडायचं ठरवलं होतं का, असा प्रश्न मी स्वतःला म्हातारपणी विचारला. तरुणपणी विचारायची हिंमत नव्हती. उत्तर असं की, हो. तो पडावा आणि लोक हसावेत, एवढं मला हवं होतं. हात मोडावा असं मनात नव्हतं. पण पडणाऱ्याने कसं पडावं हे पाडणाऱ्याच्या हातात राहत नाही, आणि तेवढं मला त्या वयातही कळत होतं.

सकाळी आप्पा गाडी एका लॉरीत घालून मला आणि डब्याला घेऊन येऊरला गेले. दादा रात्रपाळीचे लाल डोळे घेऊन आला, चहा प्यायला आणि गाडीवर उभा राहून त्याने ती दोनदा दाबून बघितली.

"आप्पा, पुढून मऊ लागतेय. बसतेय खाली."

"तुझे पाय जड झालेत जागून. काल शालूवर मोजलीय मी. तीन बोटं."

"अहो, पण मला लागतेय ना मऊ. दोन वायसर टाका की."

"आता नळ्या खोलत बसू? नंबर लागला तुझा. आणि मोजलंय म्हटलं ना! तिला विचारूनसुद्धा घेतलंय, वजन तेवढंच आहे. शालू खोटं नाही बोलायची."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय गं पोतं? तेवढीच आहेस ना?"

त्याने पोतं न म्हणता शालू म्हणून विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी समजूत मी पुढे कित्येक वर्षं घालून घेतली. थाप आहे ती. नसतंच सांगितलं.

"तेवढीच," मी म्हटलं.

पहिले दोन टप्पे त्याने स्वच्छ काढले, पाय न टेकता. दक्षिणेचा साहेब पांढरी टोपी घालून धोंड्यावर उभा होता. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि शेजारच्याला दादाकडे बोट करून दाखवलं. तिसरा टप्पा म्हणजे ओढ्यातली कमरेएवढी पायरी. वरून खाली उतरायचं आणि लगेच समोरच्या धोंड्यावर चढायचं. दादा हळू आला. त्याचं अंग तसंच शांत झालं होतं. पुढचं चाक खाली उतरलं, गाडी बसली, आणखी बसली, खट्ट असा लोखंडावर लोखंडाचा आवाज झाला आणि चाक वर आलंच नाही. ते धोंड्याच्या पोटाला भिडून तिथेच थांबलं. दादा हँडलवरून पुढे गेला. उजवा हात त्याने पुढे केला, गाडी मागून त्याच्यावर आली आणि कोपर दगड नि हँडल यांच्यात सापडलं. तो "आई गं" असं ओरडला, लहान मुलासारखा. मी डब्यावर हात ठेवून उभी होते आणि पहिलं जे मनात आलं ते हे की, कुणीच हसलं नाही. आप्पा धावले. त्याला उचलताना त्यांनी मान वळवून गाडीच्या पुढच्या नळ्यांकडे पाहिलेलं मी पाहिलं.

दादा दीड महिना सरकारी इस्पितळात होता. कोपराच्या हाडाचे तुकडे झाले होते. हात जगेल, सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या रात्री आई घरी आली, चूल पेटवली आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. भाताचा डोंगर, वर तूप, बोंबलाचं कालवण. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खा." दुसऱ्या दिवशी साजूक तुपातला शिरा, मग नारळाच्या दुधातली खीर, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू. दिवसातून पाच-पाच वेळा. आप्पा गाडी तपासतील, मग स्प्रिंग तपासतील, आणि स्प्रिंगेत काही सापडलं नाही की माप तपासतील, हे तिने माझ्या आधी ओळखलं होतं. ती एका अक्षराने त्याबद्दल बोलली नाही, मीही बोलले नाही. मुलगा इस्पितळात कण्हत होता आणि आम्ही दोघी चुलीपाशी बसून आमच्या खोट्याचा पुरावा बुजवत होतो. लाजेने घास अडकायला हवा होता. नाही अडकला. चार महिन्यांनी मला पोटभर मिळत होतं आणि मी बोटं चाटून खात होते.

आप्पांनी महिनाभर गाडीला हात लावला नाही. मग एका सकाळी नळ्या खोलल्या, स्प्रिंगा काढून उन्हात ठेवल्या, वळे मोजले, वायसर एका रांगेत मांडले. दोन तास तसेच बसून होते. त्या दुपारी इस्पितळात जाताना मला म्हणाले, "तू पण चल." तिथे व्हरांड्यात वजनाचं यंत्र होतं, सरकत्या दांडीचं. दादाच्या खाटेकडे जायच्या आधी आप्पांनी मला त्यावर उभं केलं. कंपाउंडरने दांडी सरकवली.

"एकशे त्रेचाळीस."

"पुन्हा बघा," आप्पा म्हणाले.

"एकशे त्रेचाळीसच, काका."

आईने एक पौंड जास्तच घातला होता. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि ते वॉर्डात गेले. त्यांच्या मागून मी. आई दादाच्या उशाशी बसली होती. आप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"मधू, माप बरोबर होतं. स्प्रिंग पण बरोबर होती. हात माझाच चुकला. वायसर काढायला नको होते मी."

आईने दादाच्या अंगावरची चादर सारखी केली. मी खिडकीकडे बघत होते. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं आणि भिंतीलाच म्हणाला, "सांगत होतो, मऊ आहे. बोंबलून सांगत होतो. आता या हाताने ढुंगण तरी धुता येईल का, तेवढं मोजून सांगा."

आप्पांनी मान हलवली, जणू तो खरोखर काही विचारत होता. त्यानंतर आप्पा बारा वर्षं जगले. दादा त्यांच्याशी कामापुरतं बोलला, बहुतेक वेळा तेवढंही नाही. त्याला पुढे मोहन्यालाच गेटवर हजेरी घ्यायचं काम मिळालं. डाव्या हाताने लिहायला शिकला. आप्पांचे लॉरीवाले हळूहळू दुसरीकडे जायला लागले, कारण एका पाट्याला ते तीन-तीन दिवस लावायचे, ठोकलेलं पुन्हा ठोकायचे, आणि गाडी गेल्यावर रस्त्याच्या कडेला उभे राहून ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहायचे. मला कल्याणला दिलं, बिजवराला. माहेरी आले की दर वेळी ठरवायची, या खेपेला सांगू. आप्पा दारात दिसायचे, वाकलेले, हातात घण नाही, आणि मी पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेली फळं काढायची. आई आधी गेली. जाताना तिनेही काही सांगितलं नाही.

पण सांगायची खरी वेळ ती नव्हती. ती त्याच दुपारी होती. आई दादापाशी थांबली आणि आप्पा नि मी बाहेर पडलो. इस्पितळासमोर एक हॉटेल होतं, बाकडी आणि संगमरवरी टेबलं. आप्पा त्याच्यापुढे थांबले. टोपी अजून हातातच होती.

"शालू," ते म्हणाले, "मी तुझ्यावर संशय घेतला. तू खोटं बोललीस की काय, असं आलं माझ्या मनात. म्हणून नेलं तुला काट्यावर. बापाने असं करू नये."

रस्त्यावरून टांगा गेला. आप्पा माझं तोंड बघत होते, मी रागावले की काय म्हणून.

"भूक लागलीय का तुला?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून आईने मला चार वेळा खायला घातलं होतं.

"हो," मी म्हटलं.

आप्पांनी शिरा आणि भजी मागवली. स्वतःला फक्त चहा, तो तसाच पडून राहिला, त्यावर साय धरली. मी खात होते आणि ते माझ्याकडे बघत होते. बशी रिकामी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "आणखी?"

मी मान हलवली. दुसरी बशी आली. तीही मी संपवली.